रक्तशुद्धीचा गूळ

अगं, फोन जरा जवळ धर आणि नीट वाच. परवा तू ऐन उकाड्यात घोडबंदरहून डोंबिवलीला आलीस ती मनगटापर्यंत बाह्या ओढून. मी कोपर बघितलंच तुझं. तेच चट्टे, तोच कोंडा. मावशीचं सगळं सोडून नेमका सोरायसिस उचललास. वर डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली तर म्हणतेस, "मावशी, दुखणं कातडीचं, साखरेचा काय संबंध?" एवढी शिकलीस ती कशासाठी गं?

माझंच ऐक. गेल्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं. सगळ्यांच्या हातांना त्या चंदन लावत होत्या. माझे हात बघितले आणि वाटीच पुढे केली. "तुम्हीच लावून घ्या हं." हा आजार स्पर्शाने होत नाही, हे तेव्हाही सांगून झालं होतं. पण पन्ह्याचा दुसरा पेला मात्र अगदी आग्रहाने पुढे आला. "घ्या हो, गुळाचं आहे, साखरेचा कण नाही. तुमचं रक्तच अशुद्ध आहे. रोज सकाळी गूळ खा."

मी शहाणी. गूळ, काळ्या मनुका, वर चमचाभर मध, असं रक्त शुद्ध करत बसले. चट्टे जागचे हलले नाहीत, घसा मात्र सारखा कोरडा. तुझे काका म्हणाले, "आता तुला मुंग्या लागायच्या बाकी आहेत."

शेवटी नौपाड्यातल्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "साखर कधी तपासलीत?"

"मी कोपर दाखवायला आलेय, डॉक्टर."

"कोपरावर दिसतं तेवढंच नसतं. आत शरीरभर दाह असतो. त्यामुळे इन्सुलिनचं काम बिघडू शकतं. सगळ्यांनाच मधुमेह होतो असं नाही, पण शक्यता जास्त, म्हणून तपासायचं."

"आणि गूळ?"

"रक्तात गेल्यावर त्याचीही साखरच होते."

साखर वाढलेलीच निघाली. आता गोळी, चालणं आणि बिनसाखरेचा चहा. साखर ताब्यात आहे. चट्टे अधूनमधून माहेरपणाला येतात, मलम लावून बोळवण करते. आणि वरच्या बाई? परवा जिन्यात हळूच विचारत होत्या, "मधुमेह हात लावल्याने होत नाही ना?" मी म्हटलं, नाही हो, पन्ह्याच्या दुसऱ्या पेल्याने होतो.

हसू नकोस. तुझ्या आईनेही असंच आज-उद्या केलं होतं. तिची साखर कळली ती डोळ्यांनी दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा. माझ्या बहिणीचं झालं ते झालं, तुझं होऊ देणार नाही.

या शनिवारीच मुक्कामाला ये. सकाळी दोघी उपाशीपोटी खालच्या लॅबमध्ये रक्त देऊ, मग गरम थालीपीठ लावते. आणि येताना अर्ध्या बाह्यांचं काहीतरी घाल बाई. वरच्या बाई जिन्यात भेटल्या तर भेटू देत.