पडीक शेतावरचा ठिपका

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बेंगळुरूला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मला उन्हाळ्यापुरतं वणवा नियंत्रण कक्षात काम मिळालं. तिथं मराठी बोलणारं कुणी नव्हतं, पीण्या भागात मी राहायचे त्या पीजी वसतिगृहातही नव्हतं. आज आपण मराठीचा एक शब्दही बोललो नाही, हे पुष्कळदा परतीच्या बसमध्ये लक्षात यायचं.

उपग्रहाला जंगलात उष्णता दिसली की पडद्यावर लाल ठिपका उमटतो. आम्ही त्या भागाच्या वनरक्षकाला फोन करायचा. तो माणसं पाठवतो, आग असली तर ती विझवतात, आणि त्याचा उलट फोन आला की ठिपका बंद करायचा. शेजारी बसणाऱ्या अक्कांनी पहिल्याच दिवशी कन्नडमध्ये बजावलं होतं, "त्याचा फोन आल्याशिवाय बंद करायचा नाही. तुला कितीही माहीत असलं तरी."

मार्चमधल्या एका दुपारी ठिपका उमटला तो आमच्या गावावर. गाव बेळगावच्या पश्चिमेला, जंगलाला लागून. माझे अप्पा उन्हाळ्यात तिथं वणव्याचे राखणदार असतात. नकाशा मोठा केला तर जागा ओळखीची निघाली, आणि मला खरं तर आनंदच झाला. डोंगराच्या पायथ्याचं ते शेत. भाताच्या रोपांसाठी तिथं पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला आम्ही राब भाजणं म्हणतो. लहानपणी मीही तिथं डोक्यावरून पाला वाहिलाय. मी फोन केला नाही. 'शेतातला राब' असं लिहून ठिपका बंद केला.

तासाभराने दुसरा उपग्रह वरून गेला. आता तीन ठिपके होते, एकाच्या वर एक, जंगलात चढणारे.

अक्कांनी पडदा बघितला, मग माझ्याकडे. "फोन कर," एवढंच म्हणाल्या.

वनरक्षक म्हणाला, गाडी लगेच काढतो, पण राखणदार धूर बघून कधीच एकटा वर गेलाय, त्याचा फोन लागत नाही. राखणदार माझे वडील आहेत, हे मी कुणालाच सांगितलं नाही. नुसती फोन लावत राहिले. अक्कांनी ठेवलेल्या चहावर साय धरली.

सहाच्या सुमारास अप्पांचाच फोन आला.

"काय गे, किती फोन केलीस? विझली आग. डहाळ्यांनी झोडपली. हात जरा पोळलाय, बाकी काय न्हाई. तुमच्या हापिसातला निरोप तासभर उशिरा आला म्हणतात. झोपलं हुतं काय कोण?"

"अप्पा, ती मीच. मला वाटलं, राब भाजताहेत."



"तिथं आता कोण भाजतंय राब? ते शेत पडीक हाय. पोरं गेली त्यांची गोव्याला. तुला ठाऊक न्हाई व्हय?"

"नाही."

"असू दे. कोण सांगणार तुला."

मी बंद केलेली नोंद उघडली आणि तिच्याखाली, फोन न करता मीच बंद केली, असं लिहिलं. अक्कांनी ते वाचलं. "सरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या.

अप्पा अजून फोनवरच होते. मी विचारलं, आणखी कुणाकुणाची शेतं पडीक आहेत? ते एकेक घर सांगू लागले. मी नकाशावर त्या त्या शेतावर बोट ठेवत गेले. बराच वेळ लागला.