आत्याच्या हातची अक्षरं

भावाने खेळण्यातल्या रेल्वेचे संच बनवायचा कारखाना काढला, तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती. डब्यांवर चिकटवायची नावं, आकडे, चिन्हं सगळी तिनेच काढली. पाण्यात भिजवलं की कागदावरून सुटून येणारे ते पातळ छाप; त्यातलं एकेक अक्षर तिळाएवढं. बावीस वर्षं ती भिंगाखाली मान घालून बसली. खोक्यावर नाव भावाचं. "घरचंच काम, त्यात तुझं-माझं काय?" तो म्हणायचा. तिच्या लग्नाचा विषय निघाला की वहिनी म्हणायची, "एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बघू." ऑर्डरी जात राहिल्या.

पुढे कारखाना बंद पडला, भाऊही गेला. मग जुन्या संचांना शौकिनांची मागणी आली आणि भाच्याने माळ्यावरचे छापांचे गठ्ठे तिच्यापुढे आणून टाकले. कागद हळदीसारखे पिवळे पडलेले. "आत्या, तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

अडुसष्टाव्या वर्षी ती पुन्हा कामाला लागली. एकेक कागद खिडकीच्या काचेला चिकटवून तीन-तीन आठवडे उन्हात ठेवायचा, की पिवळेपणा उतरायचा. पाण्यात छापाचे तुकडे पडू नयेत म्हणून वरून वॉर्निशचा पातळ हात. पुसलेले आकडे ती बारीक ब्रशने भरायची. बोटं थरथरायची, म्हणून कोपर टेबलाला घट्ट टेकवून.

जुन्या संचांच्या प्रदर्शनात ती हौसेने गेली. काचेच्या कपाटावर पाटी होती: 'संस्थापकांच्या हातची मूळ अक्षरं'.

एक जाणकार गृहस्थ भिंग घेऊन वाकले. "बाकी अस्सल आहे. हा आठ मात्र मागाहून कुणीतरी भरलाय. मूळ हाताची सर नाही याला."

"डागडुजी घरीच केली," भाचा म्हणाला. "ही आमची आत्या. तिने हातभार लावला."

"मूळ हातही माझाच आहे," आत्या म्हणाली.

गृहस्थांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा हसला. "आत्याचा बाबांवर फार जीव होता."

परतताना गाडीत ती म्हणाली, "ती पाटी बदल."

"आता कशाला उकरून काढायचं, आत्या? लोक बाबांच्या नावावर येतात. तुला कोण ओळखतं?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने काचेवरचे कागद उतरवले आणि अर्धवटच परत धाडले. भाचा रुसला नाही की समजूत घालायला आला नाही. त्याने सगळे छाप कॉम्प्युटरवर घेतले, मशीनवर नवे काढले आणि पहिला कागद तिला बघायला पाठवला. तिने भिंग लावलं. अक्षरं तिचीच होती, पण दोन अक्षरांमधली जागा सगळीकडे चुकली होती. नावं दाटीवाटीने कोंबल्यासारखी दिसत होती.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "कसं झालंय, आत्या?"

"छान झालंय," ती म्हणाली. "काढ हजारभर."

त्याने काढले. ते खपलेही. चूक कुणाच्या लक्षात आली नाही.