घटिकेतली पाच मिनिटं

माघातली सकाळ. रात्रभर दहिवर पडून आंब्याचा मोहोर भिजलेला आणि वर आभाळात मळभ. असल्या हवेत मोहोर काळा पडतो, म्हणून पावस गावाकडचा एकूण एक बागवाला तोंड वर करून आभाळाला शिव्या घालत होता. आत्माराम सुखाणी तेवढा खाली बघत होता. तो माडांना शिपणं करत होता. पंप चालू, पाटातून पाणी एकेका माडाच्या आळ्यात, आळं भरलं की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद आणि पुढच्याचं उघडं. असे बावीस माड. पण त्या दिवशी सातव्या माडाशीच तो थबकला, मनगटावरच्या घड्याळात बघितलं नि ओरडला, "विमल, चोर विहिरीपर्यंत पोचला गो!"

"मग त्याला म्हणावं, येताना कळशी भरून आण," त्याची बायको विमला चुलीपासून म्हणाली. तिला आता सवय झाली होती.

आत्मारामनं अठ्ठावीस वर्षं मालवाहू बोटींचं सुकाणू धरलं. कप्तान सांगेल त्या दिशेला बोटीचं नाक ठेवायचं, एवढंच काम. पाळी संपली की बंकवर पडून रहस्यकथा वाचायच्या. पेन्शनीत आला तेव्हा वाचायला काही उरलं नव्हतं, म्हणून दोनशे पानी वही आणून स्वतःच कादंबरी लिहायला बसला. त्याची एकच अट होती, गोष्टीत कुणी मरायचं नाही. "बोटीवर एक मेला होता," तो सांगायचा. "त्याचे कागद करता करता कप्तानाचे केस गेले. नको ती दगदग." त्यामुळे त्याच्या कादंबरीत भर लग्नात नथ चोरीला जाते नि एक खानावळवाली बाई आमटी ढवळता ढवळता चोर शोधते.

चोरीची वेळ त्यानं मोठी हुशारीनं काढली होती. मुहूर्ताआधी एक घटिका घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडतात. तांब्याची एवढीशी वाटी, बुडाला बारीक भोक. पाणी आत चढतं, वाटी बुडते, की मुहूर्त आला, अंतरपाट काढा. तोवर मांडवातली सगळी माणसं वाटीकडे बघत असतात. तेवढ्यात चोरानं नथ घ्यायची, विहिरीपाशी लपवायची आणि परत येऊन अक्षता टाकायच्या. घटिका म्हणजे चोवीस मिनिटं, असं पंचांग सांगतं. पण सुखाण्याचा छापलेल्यावर विश्वास नसतो. आत्माराम उठला आणि सखाराम गुरवाकडे गेला.

वाडीतलं घटिकापात्र गुरवाच्या घरी. रत्नागिरीत लोक हातातली घड्याळं बघून लग्नं लावू लागले होते, पण या वाडीत अजून सखाराम सोवळं नेसून घंगाळापाशी बसायचा आणि "बुडाला!" म्हणून ओरडायचा, तेव्हाच वाजंत्री वाजायची. त्याबद्दल त्याला नारळ, पायलीभर तांदूळ आणि पहिला विडा. बाकीचे तीनशे साठ दिवस त्याला कुणी विचारत नसे. आत्माराम नि तो एकाच वर्षी शाळेतून पळालेले.

"आतम्या, देवाची वस्तू हाय. पुस्तकासाठी देऊ व्हय?"

"पुस्तकात तुजं नाव घालतंय."

वाटी लगेच खाली आली.

परातीत पाणी घेतलं. दोघं म्हातारे उकिडवे बसले. वाटी बुडाली. आत्मारामनं घड्याळ बघितलं, कानाला लावलं, परत बघितलं. एकोणीस मिनिटं. पुन्हा सोडली. एकोणीस. विहिरीचं पाणी बदलून नळाचं घेतलं. एकोणीस.

"तुजा घड्याळ फुकट गेला," सखाराम म्हणाला.

"एडनचं हाय ते."

"मग एडनात चोवीस होतील."

झालं ते एवढंच. पण सखारामची बायको गोदा दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिथून पाणवठा काही फार लांब नव्हता. दुपारपर्यंत सगळ्या वाडीला कळलं की आपलं प्रत्येकाचं लग्न मुहूर्ताच्या पाच मिनिटं आधी लागलंय.

काशीराम धावत आला. "म्हणूनच! म्हणूनच माजी बायको वर्षातले आठ महिने म्हायेरी असते!" ज्यांचं पटत नव्हतं त्यांना कारण मिळालं. ज्यांचं पटत होतं ते जास्त घाबरले, की हे सुख दुसऱ्याच कुणाचं असून आपल्याकडे चुकून आलंय आणि आता धनी मागायला येईल. मुंबईहून एकाची तार आली, "लग्न रद्द काय कळवा." त्यावर त्याच्या बायकोनं उलट तार केली, "रद्द नाही. पैसे पाठवा." भागोजीनं सुचवलं की सगळ्या जोडप्यांना एकदम उभं करून एकाच जेवणात लग्नं लावून घ्यावीत. त्याला त्याच्या स्वतःच्या बायकोनं विचारलं, "कुणाशी?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आठव्या दिवशी भिकाजीच्या मैनेचं लग्न होतं. भिकाजीनं देवळात चारचौघांत सांगून टाकलं, "माज्या मुलीला ती वाटी नको. मी रत्नागिरीसून भिंतीवरचा घड्याळ आणतंय." म्हणजे सखारामचा नारळ गेला, विडा गेला, घंगाळाशेजारचा पाट गेला. एकदा गेलेला मान वाडीत परत मिळत नाही. सखाराम उठून आत्मारामसमोर आला. "साठ वर्षांची दोस्ती, आतम्या. तुज्या चोरानं माजंच घर फोडलंन." नि निघून गेला.

त्या दिवसापासून आत्मारामची वही बंद. विमला म्हणाली, "लिहा की." तो म्हणाला, "चोर सापडलाय. मीच."

चार दिवसांनी तो गुरवाच्या मागल्या दारी गेला. पुढल्या दारी जायची छाती नव्हती. गोदा चिंच नि राख घेऊन पूजेची भांडी घासत होती. घासून झाल्यावर तिनं घटिकापात्र हातात घेतलं आणि दाभण उचलून भोकात घातली, एकदा फिरवली, दोनदा फिरवली.

"वहिनी, हे काय?"

"मळ अडकतो ना. सासूनं शिकवलंन. लग्न होऊन आले त्या सालापासून, दर आठवड्याला. एक खाडा नाय." तिनं अभिमानानं वाटी उजेडात धरली. भोकातून आभाळ दिसत होतं.

आत्माराम तिथंच अंगणात बसला नि हसत सुटला. एक्केचाळीस वर्षं भक्तीनं साफ केलेलं भोक! पाच मिनिटं काही एका दिवसात गेली नव्हती, भोकाबरोबर झिजत झिजत गेली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो देवळात उभा राहिला. "बोटीवरचा होकायंत्र पण खोटा बोलतो," त्यानं सांगितलं. "लोखंडामुळं सुई सरकते. म्हणून कोण त्याला दर्यात टाकत नाय. किती खोटा बोलतो त्याचा तक्ता करून शेजारी लावतात, नि मग त्याच्याइतका खरा कोण नाय. आपली वाटी पाच मिनिटं घाईत असते. आपण ती पाच मिनिटं उशिरा सोडायची. संपला."

"नि सोडायची कधी ते कोण सांगणार?" भिकाजीनं विचारलं.

"तुजा भिंतीवरचा घड्याळ. त्याला पण काम नको?"

भिकाजीनं घड्याळाचे पैसे मोजले होते. ते वाया जात नाहीत म्हटल्यावर त्याला पटलं.

लग्नात घड्याळ मांडवाच्या खांबाला टांगलं. सखाराम नवं सोवळं नेसून पाटावर बसला. आत्मारामनं खूण केली, वाटी पाण्यावर गेली. "बुडाला!" सखाराम ओरडला तेव्हा भटजींच्या घड्याळात मुहूर्ताला दोन मिनिटं कमी होती, वरबापाच्या घड्याळात तीन जास्त, आणि भिकाजीचं घड्याळ मांडव हलल्यामुळे केव्हाच बंद पडलं होतं. सगळ्यांनी वाटीच खरी धरली नि अक्षता टाकल्या. सखारामनं पहिला विडा घेतला, अर्धा तोडून आत्मारामपुढे केला.

"पुस्तकात आता काय करणार?" त्यानं चघळत विचारलं.

"एकोणीस मिनिटांत चोर विहिरीवरून परत येत नाय. म्हणून पकडला जातो. दाभणीमुळं."

"म्हणजे गोदा पकडते?"

"गोदाच."

"मग माजा नाव काढ नि तिचा घाल," सखाराम म्हणाला. "नायतर घरात जेवण मिळायचा नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे परत मळभ होतं. विमला चहा घेऊन माडांत आली. आठवडाभर तिनं हे पोटात ठेवलं होतं. "अहो, तुमचा तो तक्ता. एक्कावन्न साली वाटी किती घाईत होती? आपल्या वेळी?"

आत्मारामनं बोटांवर हिशेब केला. "गोदा आल्याला आठ वर्षं झालेली. एक मिनिट."

"एकच?"

"एकच."

आत्मारामनं चहा संपवून कप तिच्या हातात दिला. "म्हणजे बाकीचा सगळा दोष तुमचाच," ती म्हणाली नि रिकामा कप घेऊन गेली.

मागं सातवं आळं भरून पाणी पाटाबाहेर वाहू लागलं होतं. त्यानं फावडं उचललं, माती ओढून तोंड बंद केलं आणि आठव्या माडाचं उघडलं.