जास्तीचा माणूस कोण?

माणसं वाढली की जमीन झिजते आणि मग उपासमार होते, हे साऱ्या जगानं मान्य केलं असतं तरी आमच्या थोरल्या चुलत्यांनी केलं नसतं. उलट त्यांनी जगालाच आमच्या औंढे गावात बोलावून ओट्यावर बसवलं असतं आणि चहाच्या आधी गढूळ पाण्याचा तांब्या दाखवला असता.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. घरात आम्ही चौदा माणसं. ओढ्याकाठी भाताची दोन खाचरं आणि डोंगराच्या उतरणीवर नाचणी-वरईचं वरकस, म्हणजे हलक्या मातीचं रान. वरकसात दर पावसाळ्यात माती खाली जायची आणि दगड वर यायचे. भात माघातच संपायचं. मग नाचणीची आंबील, आणि तीही आई इतकी पातळ करायची की वाटीचा तळ दिसे. त्या घरातून मी पुण्याला जाऊन बी. ए. झालो. गावातला पहिला. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

चुलत्यांना सगळे आबा म्हणत. धो धो पाऊस लागला की माणसं घरात शिरतात. आबा इरलं पांघरून बाहेर पडायचे. वरकसातून येणाऱ्या ओहोळात तांब्या बुडवायचे आणि तो ओट्यावर आणून ठेवायचे. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. संध्याकाळपर्यंत तळाशी दोन बोटं गाळ बसे. "हे आपलं वावर. चाललंय इंद्रायणीला," असं आल्यागेल्याला सांगायचे. एकदा मोजणीला आलेल्या कारकुनानं तहानेच्या भरात तो तांब्याच तोंडाला लावला. आबा शांतपणे म्हणाले, "रावसाहेब, अर्धं वावर पिलात तुमी. आता सातबाऱ्यावर तुमचंबी नाव घाला."

दुसरं वेड हातांचं. कुणाकडं मूल झालं की आबा मुलगा का मुलगी विचारत नसत; "दोन हात आले" म्हणून खूश व्हायचे. शेजारी जुळं झालं तेव्हा तर त्यांनी स्वतःच्या घरचा गूळ वाटला. आमच्या घरात त्या दिवशी गूळ एवढाच होता.

मी पदवी घेऊन चैत्रात घरी आलो, तर वडिलांनी घर मोडायचं ठरवलेलं. ते लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होणार, आम्हाला घेऊन जाणार, वरकस पडीक टाकणार. "एवढ्या तोंडांना ही जमीन पुरायची न्हाई," ते म्हणाले. मला चेवच आला. माणसं वाढतात, डोंगर बोडके होतात, माती वाहते, दुष्काळ येतो, असं कॉलेजात शिकलेलं सगळं मी उभ्यानं सांगितलं. दुपारी सगळे ओळीनं जेवायला बसलो तेव्हा आबा म्हणाले, "मानसं जास्ती झाली म्हनतोस. व्हय?"

"हो, आबा."

"मग यातला जास्तीचा कोन, तेवढं दाव. बोट कर."

मी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. चुलती म्हणाली, "माज्याकडं बगू नगंस. भाकऱ्या मी थापतीया." सगळे हसले. माझं बोट आंबिलीतच राहिलं.

वडील मात्र हसले नाहीत. "आबा, चेष्टा नगं. सवाल खरा हाय."

"खराच हाय. गेल्या साली बांध फुटला तवा दगड उचलाय कोन आलं? मी आन तुजी वहिनी. तोंडं चौदा, हात चार. माती ऱ्हाईल कशी? एक उन्हाळा द्या मला. यंदा माती थांबली न्हाई तर तुमचं गाठुडं मीच ठेशनावर पोचवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौदाही जण उतरणीवर. तान्हं पोर झोळीत होतं, आबांनी तेही मोजलं. पहारी, टोपल्या, दगडावर दगड. बी. ए. झालेल्या माझ्या तळहातांना तिसऱ्या दिवशी फोड आले, ते आबांनी गावभर दाखवले. मृगाआधी उतरणीला आडव्या दगडाच्या पाच ताली, म्हणजे बांध, एकाखाली एक उभ्या राहिल्या. थेंब सुटता कामा नये म्हणून आबांनी त्या सलग, बिनतोंडाच्या घातल्या होत्या. आषाढात पाणी तुंबलं आणि दोन ताली एका दुपारी फुटल्या. वडील घरात गेले, गाठोडं बांधू लागले. आबा चिखलात बसून राहिले. त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

चुलती म्हणाली, "अवो, माती थांबवायची का पानी कोंडायचं? पान्याला वाट ठेवा की."

आबांनी वर पाहिलं. मग हाक मारली, आधी वडिलांना आणि नंतर मला. वडील आले. भर पावसात चौदा जणांनी त्या ताली पुन्हा रचल्या, या खेपेला प्रत्येकीला जादा पाणी जायला सांडवा ठेवून.

कॉलेजातलं पुस्तक खोटं होतं असं मी म्हणत नाही. शेजारच्या कित्येक घरांतली माणसं गिरण्यांत गेली ती गेलीच. मी एकदा आबांना विचारलं, "चौदाची चाळीस झाली तर?" "तवा तुमी असाल," ते म्हणाले. आता ते नाहीत, आणि घरात आम्ही बावीस आहोत.

तिसऱ्या वर्षी त्या उतरणीवर, तालींमागे माती साचून झालेल्या पाच खाचरांत आम्ही भात लावलं. त्या वर्षी घरातलं भात वैशाखापर्यंत पुरलं. लोणावळ्याला कुणी गेलं नाही.