दोन राज्यांच्या साधनाताई

रियाधला, अल मलाझ भागातल्या आमच्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात साधनाताई देवरे कायम हात पाठीमागे बांधून उभ्या असत. बाई शिष्ट दिसतात, असं मला वाटलं होतं. आठवड्याने कळलं, पेशंटला हात लावायची त्यांना परवानगीच नव्हती.

धुळ्याला अकरा वर्षं, मग यजमानांच्या बदलीमुळे सुरतला नऊ वर्षं त्यांनी फिजिओथेरपी केली होती. राज्य बदललं म्हणून सुरतलाही नव्याने नोंदणी. "नवापूरची हद्द ओलांडली की गुडघा तोच राहतो गं, शिक्का तेवढा बदलतो," त्या हसून सांगायच्या. इथली परवान्याची परीक्षा त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. पण धुळ्याच्या कागदांवर त्या माहेरच्या नावाने साधना पाटील आणि सुरतच्या कागदांवर साधना देवरे! इथल्या दप्तरी त्या दोन वेगळ्या बायका होत्या. त्या एकच आहेत हे सिद्ध होईपर्यंत पन्नाशीला आलेल्या ताई सहाय्यक म्हणून चादरी बदलत, शेकाच्या पिशव्या गरम करत. आणि मी, सत्तावीस वर्षांची, परवानाधारक.

उम्म सालेह नावाच्या आजी अर्धांगवायूनंतर तीन आठवडे उभ्याच राहिल्या नव्हत्या. मी ओढायचे, त्या ओरडायच्या. एक दिवस त्यांची मुलगी रडकुंडीला येऊन मोडक्या इंग्रजीत ताईंना म्हणाली, "तुम्ही करा ना. तुम्हाला येतं, तुमच्या डोळ्यांत दिसतंय."

ताईंचा चेहरा उतरला. हात लावल्याचं कुणी वर कळवलं असतं, तर परवान्याचा अर्जच बाद झाला असता. त्या मला मराठीत म्हणाल्या, "वर ओढू नकोस. आधी पुढे वाकू दे, नाक पावलांच्या वर आलं पाहिजे. लुळ्या पायाच्या गुडघ्याला तुझा गुडघा लाव. आता थांब. घाई तुला आहे, त्यांना नाही."

मी थांबले. आजी उठल्या.

मुलीने माझं कपाळ चुंबलं. "मी नाही, यांनी केलं," म्हणत मी वळले, तर ताई तिथे नव्हत्या. चादरींच्या खोलीत सापडल्या, डोळे पुसत. "मला हात द्यायचा होता गं त्यांना," एवढंच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, अरबी भाषांतरं. सात महिन्यांनी परवाना आला. पुढची चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली खरं काम शिकले.

यंदा यजमान निवृत्त झाले आणि ताई कायमच्या धुळ्याला निघाल्या. निरोपाच्या दिवशी मी रडायला लागले, तर माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "एक कर. कुणी नवीन आली की आधी विचार, तिकडे काय काय करत होतीस? इथे सगळे कागदच विचारतात."

गेल्या रविवारी केरळची एक बाई सहाय्यक म्हणून रुजू झाली. ओठ घट्ट मिटलेले, फाइल छातीशी धरलेली. मी खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि विचारलं. मोडक्या हिंदीत ती अर्धा तास बोलत होती. बोलता बोलता तिचे खांदे सैल झाले.