भावोजींचा कोरडा बर्फ

भावोजींना बर्फाचा मनस्वी तिटकारा होता. मोजे ओले होतात म्हणून हिवाळ्यात ते अंगणातही उतरत नसत. गाडीवरचा बर्फ ताई खरवडायची आणि हे खिडकीतून काय राहिलं ते बोटानं दाखवायचे. असा हा माणूस टायरच्या कारखान्यात बर्फाचा तज्ज्ञ होता. बर्फावर टायर कसा वागेल ते संगणकावर मांडणाऱ्या विभागाचा प्रमुख.

धाकट्या मेहुणीला तिथे त्यांनीच चिकटवलं होतं. गणितात ती त्यांच्या पुढे होती, आणि ते त्यांना ठाऊक असल्यामुळे घरी प्रत्येक जेवणाला "मी शब्द टाकला म्हणून" हे पालुपद यायचं. ती निमूट घास गिळायची. असल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे आपलीच शोभा, असं तिचं मत होतं.

भावोजींच्या मॉडेलमधला बर्फ कोरडा, स्वच्छ, सगळीकडे सारखा. टायरखाली शहाण्यासारखा दबायचा, खाचांत शिरून पकड द्यायचा आणि चाक फिरलं की आपोआप सुटून पडायचा. वितळायला आलेला बर्फ चिकट असतो, इतक्या बारीक खाचांत तो ठासून बसेल, हे तिनं त्यांना एकदा सोडून दोनदा सांगितलं. ते हसले. चिकटपणा धरला तर हिशोब फार लांबतो आणि चित्रंही गढूळ येतात, म्हणाले. वरच्या मंडळींना लाल-निळी चित्रं आवडत, आणि रंग निवडण्यात भावोजींची अक्कल कधी कमी पडली नाही.

चाचणीच्या दिवशी ऊन पडलं. संचालकांना घेऊन भावोजी ऐटीत गाडीत बसले. पहिल्याच वळणावर चालकानं ब्रेक दाबला, आणि खाचा बुजून गुळगुळीत झालेल्या टायरांवरून गाडी अगदी सावकाश घसरत कुंपणात शिरली. कुणाला खरचटलंही नाही. भावोजी उतरले, बुटाच्या टोकानं जमीन उकरली आणि म्हणाले, "हा बर्फ बरोबर नाही."

अहवालातही त्यांनी तेच लिहिलं, आणि खाली मेहुणीची सही मागितली. तिनं नकार दिला. संध्याकाळी ताईचा फोन आला.

"घरचं माणूस आहे गं. एक सही तर करायचीय."

"बर्फ चुकला असं लिहून देऊ? तो काय भावोजींना विचारून पडतो?"

ताईनं फोन ठेवला आणि हिवाळाभर बोलणं टाकलं. सही दुसऱ्या कुणीतरी केली. कारखान्यात लाळघोट्यांना तोटा नव्हता. पण टायर विकायचा तर तो थांबायला हवा. शेवटी काम तिच्याकडेच आलं. तिनं मॉडेलमध्ये चिकट बर्फ आणला, खाचा रुंद केल्या, आणि पुढच्या हिवाळ्यात गाडी जागच्या जागी थांबली.

त्यानंतर बाबांच्या वाढदिवसाला सगळे जमले. भावोजी दोन चमचे हातात धरून बाबांना समजावत होते, ओला बर्फ खाचेत कसा अडकतो ते. "आमच्या ते लगेच लक्षात आलं," म्हणाले.

"मग खाचा किती रुंद केल्या, भावोजी?" तिनं विचारलं.

भावोजींनी चमचे थोडे लांब धरले, मग पुन्हा जवळ आणले. पलीकडून हसण्याचा आवाज आला. ताई हसत होती, तोंडाला पदर न लावता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

भावोजींनी चमचे खाली ठेवून ताईकडे पाणी मागितलं. ताई उठली नाही.