दलपतकाकांच्या गॅरेजातला पिवळा दिवा

गॅरेजात किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. गिऱ्हाईक बोनेट उघडायला येतं आणि बोलता बोलता स्वतःच उघडं पडतं! दिग्रसला दलपतकाकांच्या गॅरेजात मी नऊ वर्षं आहे. काका बंजारा तांड्यावरचे, साठी ओलांडलेले, सारा जन्म इंजिनात गेलेला. माझ्या हातात स्कॅनर. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की मी स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडतो आणि बिघाडाचा कोड वाचतो. जुन्या गाड्यांचा आमच्याकडे रोजचा राबता. त्यातलेच हे चार-दोन किस्से.

*

स्कॅनर नवाकोरा होता तेव्हाची गोष्ट. शाळेतल्या एका गुरुजींची गाडी धडधडत आली. मी ऐटीत म्हणालो, "काका, दोन मिनिटं थांबा. कुठं दुखून राह्यलं ते मशीनच सांगते!"

मशीन सुरू व्हायला वेळ घेत होतं. तेवढ्यात काकांनी बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्यांवर मागून पुढे येत एकेक थेंब टाकला. चर्र! चर्र! चर्र! शेवटच्या नळीवर मात्र थेंब नुसता ओघळला.

"नळी थंडी हाय. आत जाळच नाई," काका म्हणाले. "पयला सिलिंडर."

मग माझ्या स्क्रीनवर उमटलं, पी झिरो थ्री झिरो वन. पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर!

गुरुजी म्हणाले, "अहो, मग हे मशीन कायले घेतलं?"

"माह्यावर तुमचा भरोसा बसावा म्हणून!" काका म्हणाले.

*

काही गाड्या इतक्या जुन्या की त्यांना स्कॅनर लागतच नाही. बोरी अरबचे एक भाऊ आणि वहिनी तशी गाडी घेऊन आले. काकांनी इंजिनाजवळच्या डबीतल्या दोन पिना वायरीने जोडल्या आणि वहिनींना म्हणाले, "बाई, दिवा कितीदा लुकलुकते ते मोजा."

दिवा एकदा लुकलुकला. थांबला. मग चारदा.

"एक अन् चार," वहिनी म्हणाल्या.

"म्हंजे चौदा." काकांनी तेलकट वही उघडली. चौदा म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. तो बदलला, गाडी सुतासारखी सरळ!

भाऊ थक्क. "हा दिवा त बोलते हो!"

"बोलते कायचा? डोळा मारते!" वहिनी म्हणाल्या. "वीस वर्षं गाडी तुम्ही चालवून राह्यले, तुमाले मारला का कधी?"

*

कळंबचे एक दुकानदार सांगत आले, "दिवा महिनाभर जळत होता, आता विझला आपोआप."

पाहतो तर दिव्यावर चिंतामणीचं स्टिकर! काकांनी हात जोडले, स्टिकर अलगद सोडवलं. खाली दिवा ढणाढणा जळत होता. स्कॅनर लावला, सात कोड निघाले!

काकांनी स्टिकर पुसून, दिवा मोकळा ठेवून, डॅशबोर्डच्या नीट मधोमध लावून दिलं आणि म्हणाले, "शेटजी, बाप्पा विघ्न हरते. झाकत नाई!"

*

मे महिना. पान्हा उचलला तर हात भाजत होता. एका गाडीला स्कॅनर लावला आणि मी डोळे चोळले. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, उणे चाळीस!

"काका, मशीन येडं झालं."

"मशीन खोटं बोलत नाई. त्याले जे कळते ते सांगते," काका म्हणाले. त्यांनी हवेच्या फिल्टरची पेटी उघडली. आत उंदराचं घर! खाली मऊ कापूस, कोपऱ्यात तुरीचे दाणे, आणि सेन्सरची वायर कुरतडून तोडलेली. वायर तुटली की सेन्सर मुका होतो आणि मशीनला वाटतं, बाहेर बर्फ पडलाय.

काका त्या घराकडे कौतुकाने पाहत राहिले. "अख्ख्या दिग्रसमंदी थंडावा यालेच सापडला!"

*

आता शेवटचा.

वसंत नावाचा एक जण जवळच्या तांड्यावरून यायचा. बायकोचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा यवतमाळ. त्याची जुनी गाडी रस्त्यात अचानक बंद पडायची. आमच्याकडे आली की दिवा विझलेला, स्कॅनरवर कोड नाही. तीनदा असं झालं. चौथ्यांदा तो रडकुंडीला आला. "काका, रस्त्यात काही झालं त मी तिले कुठं नेऊ?"

त्या दिवशी त्याची आई सोबत होती. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. ती म्हणाली, "मले बसवा. मी सांगतो."

काका तिला 'याडी' म्हणाले. आमच्या काकांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिला पुढे बसवलं, काकांनी गाडी हाणली, मी मागे स्कॅनर धरून. दारव्हा रोडला सात-आठ किलोमीटर गेलो. इंजिन तापलं. म्हातारीने हात वर केला. "आता."

मी म्हणालो, "काहीच नाही..." आणि स्क्रीनवर कोड आला. क्रँक सेन्सर, इंजिनाचं फिरणं मोजणारा! पुन्हा हात वर, पुन्हा कोड. तिसऱ्यांदाही हात आधी, कोड नंतर.

परत येऊन पाहिलं, सेन्सरचं कनेक्टर ढिलं. तापलं की सुटायचं. काकांनी नवं लावलं. पुन्हा तेवढाच फेरा मारला. म्हातारीचे हात मांडीवरच राहिले. वसंत हसायला लागला.

पण घरी निघताना ती गाडीत बसेना.

"याडी, आता काय राह्यलं?" काकांनी विचारलं. "मशीन साफ दाखवून राह्यलं."

"जे बोलत होतं ते तुम्ही नीट केलं," ती म्हणाली. "जे चूप हाय, त्याचं काय?"

आणि चाचपडत जाऊन तिने पुढच्या डाव्या चाकावर हात ठेवला.

काकांनी लगेच जॅक लावला, चाक उतरवलं, आत हात घातला. ब्रेकचा पाइप काकांच्या बोटांत तुटून आला.